गुळव्याचा हेलकावा

तुम्ही माझ्या दाजींना खोटारडं ठरवलंत. नुसतं खोटारडं ठरवून थांबला असतात तर मी कागद काळे करायला बसलो नसतो. असले आरोप आमच्याकडे लग्नात मानपानावरून होतात आणि पंगत उठेस्तोवर विसरले जातात. पण तुम्ही त्यांना खोटारडं ठरवून त्यांच्या छातीचं ऑपरेशन रद्द केलंत. माणूस एका आकड्यात बसवलात, आकडा कुठून आला ते बघितलं नाहीत आणि यादीतून नाव कापलंत. वर फोनवर निरोप पाठवलात, ‘आपल्या हृदयाची काळजी घ्या.’

कशानं घ्यायची? चमच्यानं?

आता नीट पहिल्यापासून सांगतो, म्हणजे ‘प्रकरण समजले नाही’ असं म्हणायची सोय तुम्हाला राहणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अनुसया आक्काचे नवरे, भाऊसो बिरंजे. वय बासष्ट. भोगावतीच्या काठावर आमच्या गावात तीन गुऱ्हाळं आहेत, त्यातल्या वरच्या गुऱ्हाळावर दाजी गुळव्या आहेत. गुळव्या म्हणजे मोठ्या पसरट काहिलीत उकळणारा उसाचा रस नेमका कधी गूळ झाला हे सांगणारा माणूस. अर्धा मिनिट आधी उतरवला तर गूळ बसत नाही, अर्धा मिनिट उशीर झाला तर करपतो. आता सगळीकडे तापमान मोजणारी यंत्रं आली आहेत, आमच्या गुऱ्हाळावरही एक आहे. त्याच्यावर दाजी आपली टोपी अडकवतात. मी त्याच गुऱ्हाळावर काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं घालतो. जाळ मी धरायचा आणि ‘उतरा’ दाजींनी म्हणायचं, असं आमचं एकोणीस वर्षं चाललं आहे.

दाजींना साखरेचा आजार चौदा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली. तपासलं तेव्हा हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास. तुमच्या सरकारी ऑपरेशन योजनेत नाव घातलं आणि योजनेच्या नियमाप्रमाणे दाजींच्या दंडात टिकली बसली.

टिकली सगळ्यांना माहीत आहे. चुरमुऱ्याएवढी वस्तू, दंडाच्या कातडीखाली बसवतात, वर्षभर राहते. मिनिटामिनिटाला साखर मोजून फोनवर पाठवते. पण शरीर परक्या वस्तूला सुखानं राहू देत नाही, तिच्यावर हळूहळू पापुद्रा धरतं. मग टिकलीचं माप चुकायला लागतं. म्हणून दिवसातून दोनदा बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा. पट्टीवर येईल तो आकडा खरा, असं टिकली समजते आणि आपलं माप त्याला जुळवून घेते. थेंब खरं बोलला तर टिकली खरी. थेंब खोटं बोलला तर पुढचे बारा तास टिकली खोटी. हे वाक्य तुमच्या भिंतीवर लावा.

आता हेलकावा. पूर्वी डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी साखर बघायचे. मग लक्षात आलं की सरासरी सारखीच असलेल्या दोन हृदयरोग्यांत एक बरा राहतो आणि दुसरा पुन्हा पुन्हा दवाखान्यात येतो. फरक चढउतारात होता. त्या चढउताराचं माप म्हणजे हेलकावा. मी माझ्या भाषेत सांगतो. काहील दिवसभर एकसारख्या जाळावर राहिली तर वर्षानुवर्षं टिकते. तीच लालबुंद तापवून दर तासाला तिच्यावर गार पाणी ओतलं तर तळ तडकतो. रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराचं तसंच. साखर एकदम वर गेली की अस्तर सुजतं. एकदम खाली आली की शरीर घाबरून जोराची रसायनं सोडतं, ठोका वाढतो, चुकतो. आधीच रक्ताला तरसलेलं हृदय त्या धांदलीत थांबूही शकतं. हेलकावा हे आजाराचं कारण की आजाराची खूण, यावर मोठ्या डॉक्टरांचं भांडण अजून मिटलेलं नाही. पण हेलकावा वाईट, यावर एकमत आहे. माझंही आहे.

तुम्ही त्याची चाळणी केलीत. हेलकावा चाळीसच्या वर असेल त्याचं ऑपरेशन नीट पार पडण्याची शक्यता कमी, म्हणून त्याचं नाव मागे. ज्याला सांभाळायला हवं त्याला ओळखण्यासाठी काढलेला आकडा तुम्ही त्यालाच बाहेर काढायला वापरलात.

दाजींचा हेलकावा आला सत्तावन्न.

निरोप आला तेव्हा काहील उकळीला आली होती. मी फोन वाचून दाखवला. दाजी फेसाकडे बघत होते.

“दाजी, नाव मागं टाकलंय म्हणं. चाळीसच्या खाली आणा म्हणत्यात.”

“बरं.”

“बरं काय? ऑपरेशन गेलं की!”

“सर्जा, जाळ कमी कर. ऑपरेशन कुठं पळून जात न्हाई, गूळ जाईल.”

ते असे बोलत होते, पण ओट्यावरून उतरताना दोनदा थांबले आणि खांबाला धरलं. आदल्या वर्षी एकदाही थांबत नव्हते.

घरी आक्कानं निकाल आधीच लावून ठेवला होता. “आसं कसं हो? घरात मी बिनसाखरेचा चहा देतोय, भाकरी मोजून देतोय. घरात साखर चढत न्हाई आणि गुऱ्हाळावर चढती. काय खाताय तिथं?”

“काय खातोय? वारा खातोय.”

“वाऱ्याला तीनशे साखर आसती व्हय?”

फोनवरचा आलेख तिच्या हातात होता. सकाळी गुऱ्हाळावर पोचल्यावर तीनशे, दुपारी घसरगुंडी, संध्याकाळी घरी एकशेवीस. रोज तसंच. दुपारची घसरगुंडी झाली की दाजींना दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे. मग ते खरोखरच गुळाचा खडा तोंडात टाकायचे. एकदा आक्कानं ते डोळ्यांनी बघितलं. झालं. पुरावा सापडला.

“हे काय मग? वारा?”

“आगं, जीव घाबरा झाला म्हणून खाल्ला.”

“रोजच घाबरा होतोय तुमचा जीव. गुळासाठीच होतोय.”

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागली. जेवायला वाढायची, ताट सरकवायची, बोलायची नाही. चाळीस वर्षांचा संसार आणि मध्ये गुळाचा एक खडा.

मी कुणाच्या बाजूनं होतो? सांगतो. मीही आक्काच्याच बाजूनं होतो. तुमच्यावर ओरडायचं तर आधी स्वतःचं कबूल करायला पाहिजे. मी दाजींना म्हणालो, “दाजी, खरं सांगा. मी कुणाला सांगत न्हाई.” ते माझ्याकडे बघून फक्त एवढंच बोलले, “चाखून गूळ कळायला लागला तर मग मी गुळव्या कशाला? कुणीबी पोरगं चाखंल.” आणि टोपी घालून निघून गेले. त्यांना लागलं होतं. मला कळलं आणि तरी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, कारण फोनवर आलेख होता.

तुमच्या मदत-क्रमांकावरचा गृहस्थ म्हणाला, पेशंटला काही दिवस कामावरून काढून बघा. आम्ही दाजींना दहा दिवस घरी बसवलं. हेलकावा एकतीसवर आला. मी आनंदानं तुम्हाला कळवलं. गाढव मी. तुमचा उलट निरोप आला की ‘रुग्ण घरी असताना सुधारतो, म्हणजे कामाच्या ठिकाणी पथ्य मोडतो हे सिद्ध होते. वर्तनदोष नोंदवण्यात येत आहे.’ वर्तनदोष लागला की नाव मागे जात नाही, यादीतूनच जातं.

मी ते वाचून दाखवलं. दाजी अंगणात बसले होते. त्यांनी विचारलं, “वर्तन म्हंजे?”

“वागणूक, दाजी.”

“बासष्टीत वागणूक काढली व्हय माझी,” एवढं म्हणून ते उठले. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला नवऱ्याचा रागही होता आणि नवरा मरेल याची भीतीही. दोन्ही एकाच ताटात वाढून ती बसली होती.

त्या दहा दिवसांत गुऱ्हाळावर यंत्राच्या भरवशावर काढलेली तीन आधणं, म्हणजे तीन काहिलींचा गूळ, बसली नाहीत, चिकट लगदा झाला. मालकाचा निरोप आला, एक दिवस तरी या. दाजी निघाले. आक्का म्हणाली, “मीबी येतो. सर्जा, तूबी नजर ठेव. बघू या वारा कसला खाताय ते.”

तो दिवस मला मिनिट मिनिट आठवतो.

दाजी काहिलीपाशी, शेजारी त्यांची पाण्याची बादली. पलीकडे आक्का पोलिसासारखी बसलेली. मी जाळापाशी. गुळव्याची रीत अशी की बोटं बादलीतल्या गार पाण्यात बुडवायची, झटकन उकळत्या पाकाचा थेंब उचलायचा, बोटं परत पाण्यात घालून पाकाची गोळी वळायची. गोळी काहिलीच्या काठावर आपटली की टण्ण वाजली पाहिजे. एका आधणाला असं पंधरा-वीस वेळा होतं. दाजींनी त्या सकाळी दोन आधणं उतरवली. तोंडात कण टाकला नाही. आक्काची पापणी लवली नव्हती, आणि माझीही.

दहाला फोन वाजला. “कृपया हात स्वच्छ धुवा आणि थेंब द्या.” दाजींनी बोटं बादलीत खळबळली, खांद्यावरच्या पंच्याला पुसली, सुई टोचली. फोननं विचारलं, “हात धुतले?” दाजींनी ‘होय’ दाबलं.

दोनशे अठ्ठ्याण्णव.

आक्का माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे.

फोननं सल्ला दिला, नऊ युनिट इन्सुलिन. सल्ला पाळला नाही तर तुमच्याकडे त्याचीही नोंद होते. दाजींनी पोटात पेन टोचलं आणि तिसऱ्या आधणाकडे वळले.

दीड-दोन तास गेले असतील. दाजींच्या हातातली गोळी पाण्यात पडली. त्यांनी परत उचलायला हात घातला आणि बादलीच्या काठाला धरून खालीच बसले. सदरा घामानं चिंब झालेला. ओठ पांढरे. मी धावलो. मनगट धरलं तर नाडी दोन ठोके पळत होती आणि एक गिळत होती.

आक्कानं फोन बघितला. “दोनशे छत्तीस! आजून चढलेलीच हाय! सर्जा, आणि दोन युनिट घ्या म्हणतंय, पेन कुठाय?”

पेन माझ्याच हातात होतं. मी टोचणार होतो. हे मी शपथेवर लिहितो, मी टोचणार होतो, कारण फोन सांगत होता. त्याआधी शुद्धीवर यावेत म्हणून मी बादलीतलं पाणी ओंजळीनं दाजींच्या तोंडावर मारलं. त्यातलं थोडं माझ्या ओठावर उडालं.

गोड.

बादली गोड असते हे गुऱ्हाळावरच्या कुणालाही विचारा. सकाळपासून तीत पाक विरघळतो, गोड होणारच. माशासुद्धा तिच्यावर बसतात. इतकं उघड होतं की कुणाच्या डोक्यात आलंच नाही. दाजी दोन वर्षं हात धुवत होते, अगदी प्रामाणिकपणे, साखरेच्या पाण्यात.

“आक्का, तुझी प्यायच्या पाण्याची बाटली दे!”

मी त्यांच्या डाव्या हाताचं बोट त्या पाण्यानं खसाखसा धुतलं, आक्काच्या पदराला पुसलं, परत धुतलं, परत पुसलं आणि टोचलं.

चव्वेचाळीस.

त्या जागी चारशे किलो गूळ थंड होत होता. काहिलीत तेवढाच पाक उकळत होता. घाण्याखाली रस वाहत होता. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक माणूस साखर कमी पडली म्हणून मरत होता.

मी पेन फेकून दिलं. “आक्का, गूळ घाल तोंडात!”

ती दगडासारखी उभी. दोन वर्षं ज्या हातानं त्यांना भाकरी मोजून वाढली, त्याच हातानं गूळ घालायचा होता. “फोन दोनशे सांगतोय रं...”

“फोन खोटा हाय! दाजी खरं बोलत होतं! घाल!”

तिनं गूळ निवायला ओततात त्या वाफ्यातला कोमट गूळ बोटानं खरवडला आणि त्यांच्या गालात लावला. मग अजून थोडा. ते गिळायला लागल्यावर वाटीनं रस पाजला. एका हातानं रस पाजत होती आणि दुसऱ्या हातानं त्यांचा घाम पुसत होती, आणि तोंडानं मला, फोनला, तुम्हाला, गुळाला, सगळ्यांना शिव्या देत होती. वीस मिनिटांनी दाजींनी डोळे नीट उघडले. आधी काहिलीकडे बघितलं.

“तिसरं आधण करपलं न्हवं?”

“करपू द्या!” आक्का ओरडली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. दाजींनी तिच्या हाताला लागलेला गूळ बघितला.

“तूच घातलास व्हय? आता माझं वर्तन कुणी बिघडवलं?”

ती रडता रडता हसली. मीही हसलो. छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

कुणीतरी फोन केला होता, उपकेंद्रातल्या निलोफर मुजावर सिस्टर तोवर स्कूटरवरून आल्या. त्यांनी दाजींना तपासलं, हृदयाचा आलेख काढला, ठोका जागेवर आला होता. मग मी त्यांना बादली दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सर्जेराव, तुम्हाला साखर आहे?”

“न्हाई.”

“बादलीत हात घाला. पुसा. द्या बोट.”

तीनशे एक्केचाळीस. साबणानं धुऊन परत टोचलं, अठ्ठ्याण्णव. मग गुऱ्हाळावर जत्राच भरली. घाण्यावाला आला, गूळ भरणाऱ्या बायका आल्या, मालक आला. बादलीतून सगळे साखरेचे रोगी निघाले आणि साबणानं सगळे बरे झाले. मालक म्हणाला, “सिस्टर, एवढं जलद औषध मी कुठं बघितलं न्हाई.”

सिस्टरांनी नीट समजावलं. गुळातली बरीचशी साखर पट्टीला दिसत नाही, पण थोडी फुटलेली असते, ती ग्लुकोज. रक्ताचा थेंब साबुदाण्याच्या दाण्याहून लहान. बोटावर ग्लुकोजचा पापुद्रा असला की त्या थेंबात तीच बोलते, रक्त गप्प बसतं. म्हणजे चढ खोटा होता. त्या खोट्या चढावर इन्सुलिन खरं जात होतं, म्हणून दुपारचा उतार खरा होता. उतारावर खाल्लेला गूळ खरा, म्हणून पुन्हा चढ. दाजींचा हेलकावा तुमचंच यंत्र तयार करत होतं आणि तुम्हीच तो मोजत होता.

सिस्टरांनी हे सगळं तुम्हाला लिहून पाठवलं. धुतलेल्या आणि न धुतलेल्या बोटांचे बावीस आकडे जोडून. तुमचं उत्तर चार दिवसांनी आलं, ‘नोंदवलेला अंक बदलता येत नाही. रुग्णाने वर्तन सुधारल्याचे हमीपत्र व तीस दिवसांचा नवा हेलकावा सादर करावा.’

मी हमीपत्र फाडायला निघालो. “जे वर्तन बिघडलंच न्हाई ते सुधारलं म्हणून सही करायची?”

आक्का म्हणाली, “कर म्हणावं सही. मला माणूस पायजे, अब्रू काय वाळत घालायचीय?”

आमचं दोघांचं जुंपलं. दाजींनी कागद घेतला. चष्मा लावला. सही केली. सहीच्या खाली दोन ओळी लिहिल्या, ‘गूळ खाल्ला नाही. हात चुकीच्या पाण्यात धुतले. पाणी बदलले आहे.’

“हे चालंल का?” मी विचारलं.

“चालंल. वाचणार कोण हाय?” दाजी म्हणाले.

चाललं. तुमच्या यंत्राला फक्त सही लागत होती.

ते तीस दिवस आम्ही श्वास मोजत काढले. दाजींना जिना चढायला बंदी, आणि आक्का गुऱ्हाळावर रोज साबण, तांब्या आणि दोन टॉवेल घेऊन हजर. दाजींच्या बोटांची एवढी धुलाई झाली की ते म्हणायचे, गोळी वळताना हात परके वाटतात. दोनदा छातीत दुखलं. एकदा मी गाडी काढून दारात उभी केली होती, पण तेवढ्यात कळ उतरली. तिसाव्या दिवशी हेलकावा आला सव्वीस.

ऑपरेशन झालं. साडेपाच तास लागले. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, तिन्ही नळ्या जोडल्या, रक्त छान वाहतंय. आक्का त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी धरलं. मी बाकावर बसलो तो अर्धा तास उठलोच नाही.

आज दाजी ओटा एका दमात चढतात आणि उतरतात. आक्का बोलते, जरा जास्तच बोलते. काल जेवताना तिनं स्वतःहून शेंगदाण्याएवढा गुळाचा खडा त्यांच्या ताटात ठेवला. दाजींनी तो आक्काच्या ताटात टाकला. “मला नको. मी आयुष्यभर हुंगून पोट भरलंय.” आमच्यापुरतं सगळं चांगलं झालं, हे मी मोकळ्या मनानं लिहितो.

मग हे पत्र कशाला?

कारण मुजावर सिस्टरांनी आपल्या अकरा गावांतली ‘वर्तनदोष’ लागलेली माणसं शोधली. सात निघाली. तिघं गुऱ्हाळावरचे. एक रसवंती चालवणारी बाई. एक बत्तासे करणारा. एक लाडू-चिक्की वळणारी. एक मधाच्या पेट्या ठेवणारा. सातांपैकी पाच जणांची बोटं सिस्टरांनी महिनाभर साबणानं धुऊन तपासली आणि पाचही जण चाळीसच्या खाली आले. उरलेल्या दोघांच्या घरी त्या गेल्या तेव्हा बोट पुढं करायला माणूसच नव्हता. बत्तासेवाला आषाढात गेला, मधवाला दिवाळीत. दोघांच्या बायकांना आजही वाटतं की आपला नवरा चोरून गोड खाऊन मेला.

ही अकरा गावं झाली. राज्यात गावं किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. नाव कापण्याआधी त्यातल्या एकालाही तुम्ही विचारलंत का, की बाबा, तू दिवसभर हातांनी काय करतोस आणि ते कुठल्या पाण्यात धुतोस? आणि विचारलं नसेल, तर त्या दोन बायकांच्या दारात जाऊन ‘तुझा नवरा खरं बोलत होता’ हे सांगायला तुमच्यातला कोण येणार आहे? नाव आणि तारीख कळवा.